स्थलांतराची सुरळी

चिनी सॉसेज घालून, तेलात न तळता ओव्हनमध्ये भाजलेले स्प्रिंग रोल परदेशस्थ चिनी घरांत, आणि आता इतरांच्याही घरांत, केले जातात. जाणकार म्हणवणारे खवय्ये त्यावर हमखास दोन आक्षेप घेतात. स्प्रिंग रोल तळलाच पाहिजे, हा पहिला. आणि त्यात सॉसेज कुठून आले, हा दुसरा. या आक्षेपांमागे 'अस्सल' या शब्दाविषयीची एक समजूत दडलेली असते. पदार्थाला एक मूळ गाव असते, तिथे त्याची एक कृती असते, आणि तिच्यापासून जितके दूर जावे तितका पदार्थ भ्रष्ट होतो, अशी ती समजूत. प्रस्तुत लेखात आम्ही ही सुरळी उलगडून तिचे घटक सुटे करणार आहोत आणि ही समजूत कितपत टिकते ते तपासणार आहोत.

प्रथम बाहेरचा पापुद्रा. 'स्प्रिंग' म्हणजे वसंत, हा अर्थ आपल्या हातगाड्यांवरच्या फलकांमुळे आपण विसरलो आहोत. चिनी पंचांगातील वसंतारंभ ४ फेब्रुवारीच्या सुमारास येतो. त्या सुमारास कांदा-लसणीच्या कुळातल्या पाच उग्र भाज्या एका ताटात मांडून खाण्याची चाल तांग राजवटीच्याही (इ. स. ६१८ ते ९०७) आधीची आहे. हिवाळ्यात जडावलेले शरीर त्यामुळे जागे होते, अशी श्रद्धा. पुढे या 'वसंताच्या ताटा'त पातळ पोळी आली, आणि कोवळ्या भाज्या तिच्यात गुंडाळून खाल्ल्या जाऊ लागल्या. ही गुंडाळी तळणे ही त्यानंतरची पायरी. म्हणजे मूळच शोधायचे तर ते कढईत सापडत नाही, आणि पहिला आक्षेप इथेच लंगडा पडतो.

आता आतले सॉसेज. कँटनी भाषेत त्याला 'लाप चाँग' म्हणतात. 'चाँग' म्हणजे आतडे. 'लाप' हे वर्षअखेरीच्या यज्ञाचे व त्यावरून बाराव्या चांद्रमासाचे नाव. त्या महिन्यात खारवून वाळवलेल्या मांसालाही तेच नाव पडले. सहाव्या शतकात ज्या सस्य या अधिकाऱ्याने लिहिलेल्या 'छीमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात मेंढीच्या आतड्यात तिचेच बारीक केलेले मांस, कांद्याची पात, आले व मिरी भरून भाजण्याची कृती आहे. ग्वांगदोंग प्रांतात ज्याची कीर्ती झाली ते मात्र डुकराच्या मांसाचे. मांस व चरबीचे बारीक तुकडे, मीठ, साखर, सोया सॉस आणि कडक मद्य यांचे मिश्रण आतड्यात भरायचे आणि हिवाळ्यातल्या कोरड्या उत्तरी वाऱ्यावर टांगायचे. कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरून ठेवतात, तशीच ही बेगमी. ऋतू तेवढा वेगळा.

या दोन गोष्टींची गाठ कुठे पडली, हा या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे. गुंडाळीची परंपरा विशेष जोपासली ती फूज्यान प्रांताने, सॉसेज ग्वांगदोंगचे. दोन्ही प्रांतांतली माणसे पोटासाठी आग्नेय आशियातील बंदरांत उतरली आणि परक्या मुलखात शेजारी झाली. फूज्यानी गुंडाळी इंडोनेशिया व फिलिपिन्समध्ये 'लुम्पिया' झाली, मलाया व सिंगापुरात 'पोपिया'. व्हिएतनाममध्ये तिला 'बो बिया' म्हणतात, आणि तीत रसाळ कंद, अंडे, सुकी कोळंबी यांच्यासोबत सॉसेजच्या चकत्या असतात. त्या सॉसेजचे व्हिएतनामी नाव 'लाप सुओंग'. एकाच घासात दोन प्रांतांच्या बोली आहेत. आणि ही गुंडाळीही तळत नाहीत. सॉसेज कुठून आले, या प्रश्नाचे उत्तर इतकेच, की ते बोटीने आले.

पापुद्रा घरी करणे हे कौशल्याचे काम. पिठाचा ओलसर, लवचिक गोळा हातात खेळवत तापल्या तव्यावर क्षणभर टेकवायचा आणि उचलून घ्यायचा. मागे जो थर चिकटतो तोच पापुद्रा. आपल्याकडे मांडे करणारणीच्या हाताला जो मान होता तोच या हाताला. सिंगापुरात सॅम गोय या उद्योजकाने हे काम यंत्रावर आणले आणि 'पोपिया किंग' ही ख्याती मिळवली. गोठवलेले पापुद्रे दूरदेशीच्या दुकानांत मिळू लागल्यावर ते कौशल्य नसलेल्या घरांनाही रोल करता येऊ लागले.

ओव्हन आला तो नव्या देशातल्या घराबरोबर. दक्षिण चीनच्या घरगुती स्वयंपाकात कढई आणि वाफेची भांडी. भाजलेले बदक दुकानातून आणायचे. ओव्हनची रीत मात्र सोपी आहे. हे सॉसेज वाळवलेले असले तरी कच्चे असते, म्हणून पातळ चकत्या आधी परतून घ्यायच्या. सुटलेल्या चरबीतच कोबी व गाजर परतायचे, की वेगळे तेल लागत नाही. सारण पूर्ण निववायचे, नाहीतर पापुद्रा ओला होऊन फाटतो. मैद्याच्या खळीने कड चिकटवून बाहेरून तेलाचा हात फिरवायचा. २०० अंश सेल्सिअसवर सुमारे २० मिनिटे, मध्ये एकदा उलटून. जिथे तेल पोचत नाही तिथे पापुद्रा कुरकुरीत न होता वातड होतो.

या कथेचा एक धागा भारतातही आहे. कोलकात्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी वस्ती होती, आणि तिथल्या टिरेट्टा बाजारात हे सॉसेज तयार होऊन विकले जाई. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांतले काही १९६७ पर्यंत तिथे होते. अनेकांचा जन्म भारतातला. पुढे पुष्कळ कुटुंबे कॅनडाला गेली. 'चायनीज' खाद्य आपल्या गल्लीबोळांत पोचले ते त्यानंतरच्या दशकांत. त्या गाड्यांवरच्या स्प्रिंग रोलमध्ये कोबी असतो, सॉसेज नसते, आणि ज्या समाजाकडून तो आला त्याची आठवणही नसते.

म्हणून 'अस्सल कोणते?' हा प्रश्न आम्हाला गौण वाटतो. तळलेला, भाजलेला, ताजा, गोठवलेल्या पापुद्र्याचा. या सुरळीचे प्रत्येक रूप कुणीतरी नव्या जागी, हाती असलेल्या साधनांनी सिद्ध केले. विचारायचेच तर असे विचारावे, की हा पदार्थ कुणाला निर्वेधपणे करत राहता आला आणि कुणाला मध्येच सोडून उठावे लागले. पदार्थ आपलासा करताना आपण माणसे परकी ठरवली, हे ध्यानात ठेवले तर चवीचा इतिहास खऱ्या अर्थाने इतिहास होतो.