वाळूच्या कणांची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, ताम्रपट आणि शिलालेख उभे राहतात. परंतु लिहिणाराच जेव्हा जन्माला आला नव्हता, त्या काळचा इतिहास कोणाला विचारावा? अशा वेळी आपल्याला वालुकाश्माकडे, म्हणजे वाळूच्या खडकाकडे, जावे लागते.

डोंगर झिजतो, नद्या त्याची वाळू समुद्रात नेऊन टाकतात आणि कालांतराने तिचाच खडक होतो. मूळ डोंगर नाहीसा झाला, तरी त्याचा अंश या खडकात राहतो. इंग्लंडात सॉर्बी यांनी १८४९ च्या सुमारास दगड घासून, उजेड आरपार जाईल इतकी पातळ चकती केली. तेव्हापासून हे कण सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येऊ लागले. १९७९ साली अमेरिकेतील डिकिन्सन व सुचेक यांनी या वाचनाला जणू व्याकरण दिले. चकतीतील काहीशे कण मोजावयाचे. गारगोटी किती, फेल्स्पार किती आणि इतर खडकांचे तुकडे किती, हे पाहावयाचे. गारगोटीच फार असेल तर वाळू बहुधा जुन्या, स्थिर खंडाची. ज्वालामुखी खडकांचे तुकडे फार असतील तर ती ज्वालामुखींच्या रांगेची.

न्यूझीलंडचा आल्प्स पर्वत, जेथे हिलरी एव्हरेस्टपूर्वी गिर्यारोहण करीत, बहुतांशी टॉर्लेस पट्ट्यातील करड्या वालुकाश्माचा आहे. त्याच्या शेजारच्या केपल्स पट्ट्याची वाळू ज्वालामुखींची आहे; टॉर्लेसची मात्र गारगोटी व फेल्स्पार यांनी भरलेली, ग्रॅनाइटच्या भूमीतून आलेली. ही एका आईची लेकरे नव्हेत! यावरून हे पट्टे निरनिराळ्या ठिकाणी जन्मले आणि भूकवचाच्या हालचालींनी मागाहून शेजारी आले, असा निष्कर्ष निघतो.

मग टॉर्लेसचे माहेर कोणते? येथे नुसती मोजदाद पुरत नाही. उष्ण, दमट हवेत फेल्स्पार कुजतो. जुना वालुकाश्म पुन्हा झिजला तर साक्ष पुसट होते. म्हणून कणांचे वयही काढावे लागते. १९९८ साली ॲडम्स व केली यांनी अभ्रकाच्या कणांच्या वयावरून ईशान्य ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखविले. इतर काहींनी अंटार्क्टिकाकडे. दोन्ही भूमी एकेकाळी गोंडवन महाखंडाच्याच होत्या, आणि ते नाव आपल्याकडील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे.

पर्वताला आपण अचल म्हणतो. त्याच्या पोटातील वाळू मात्र सांगते की, तोही एक प्रवासीच आहे.