पहारेकऱ्याची कुवत

कोल्हापूरजवळची कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्याची कल्पना करू. वजनकाटा, भांडार, हजेरीचे यंत्र, कॅमेरे, संगणकावर चालणारे लेथ अशी सारी उपकरणे आज एका जाळ्याने जोडलेली असतात. हे जाळे नीट चालले आहे ना, हे पाहण्यासाठी एक वेगळा संगणक ठेवतात. तो दर पाच मिनिटांनी प्रत्येक उपकरणाला विचारतो, ‘चालू आहेस ना? आतापर्यंत किती माहिती वाहून नेलीस?’ आपण त्याला जाळ्याचा पहारेकरी म्हणू.

हा पहारेकरी किती ताकदीचा हवा? ‘उपकरणे किती ते सांगा, त्यावर ठरवू,’ असे उत्तर सहसा मिळते. आम्हाला ते अपुरे वाटते. का, ते समजण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे, डेन्मार्कमध्ये जावे लागेल.

आग्नर एरलांग (1878–1929) हा शाळामास्तरांचा मुलगा. त्याने स्वतःही काही वर्षे शाळेत शिकवले. 1908 मध्ये तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. कंपनीपुढचा प्रश्न वरवर सोपा होता : तारा किती टाकायच्या? फार टाकल्या तर खर्च परवडत नाही, कमी टाकल्या तर ग्राहक ताटकळतात. लोक फोन करतात ते आपापल्या मर्जीने, कसलाही क्रम न पाळता. पण या बेशिस्तीलाही गणिती नियम आहे, हे एरलांगने 1909 मध्ये दाखवले. 1917 मध्ये त्याने सूत्रे दिली. अमुक तारा असतील तर किती फोन परत जातील आणि थांबवून ठेवले तर किती थांबावे लागेल, हे त्यांवरून काढता येऊ लागले. 1946 मध्ये टेलिफोनच्या वर्दळीच्या एककाला त्याचे नाव देण्यात आले.

या गणितातली गंमत आपल्याकडच्या उदाहरणाने पाहू. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॉलीच्या वजनाला सरासरी तीन मिनिटे लागतात असे समजा. म्हणजे तासाला 20 ट्रॉल्यांचे वजन होऊ शकते. ट्रॉल्या कधीही येतात आणि वजनाचा वेळही कमीजास्त होतो असे धरू. तासाला 10 ट्रॉल्या आल्या तर प्रत्येकीची सुटका सरासरी 6 मिनिटांत होते. 16 आल्या तर 15 मिनिटे लागतात, 18 आल्या तर 30 आणि 19 आल्या तर तब्बल 60! अठराच्या एकोणीस झाल्या, एवढ्याने वेळ दुप्पट झाला. काटा रिकामा राहतो तो वेळ वाया गेला असे आपल्याला वाटते. पण रांग आटोक्यात राहते ती त्या रिकाम्या वेळामुळेच.

आता जाळ्याकडे वळू. उपकरणांची विचारपूस करण्याची एक समान भाषा 1988 मध्ये ठरली. तिचे नाव ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’. उपकरणावर शक्य तितका कमी भार टाकायचा आणि अवघड काम विचारणाऱ्याने करायचे, हे तिचे धोरण. त्यामुळे साधी, स्वस्त उपकरणेही ही भाषा बोलू लागली, पण ओझे पहारेकऱ्याच्या खांद्यावर आले.

शिवाय त्याला सावकाश चालून भागेना. उपकरणातला मोजक 32 बिटांचा होता. जुन्या गाड्यांचा किलोमीटरचा आकडा 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येई, तसा हा मोजक सुमारे 429 कोटी बाइटनंतर शून्यावर येतो. सेकंदाला 1 कोटी बिट वाहणारी तार पूर्ण भरून चालली तर यासाठी 57 मिनिटे लागतात. दहापट वेगाच्या तारेला पावणेसहा मिनिटे, शंभरपट वेगाच्या तारेला केवळ 34 सेकंद! पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला मधले फेरे कळणारच नाहीत. म्हणून 1993 मध्ये या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत 64 बिटांचे मोजक आले.

मग साठवणीचा प्रश्न उभा राहिला. टोबियास ओटिकर यांनी 1995 मध्ये वर्दळीचे आलेख काढणारी ‘एमआरटीजी’ ही प्रणाली आणि 1999 मध्ये ‘आरआरडीटूल’ प्रसिद्ध केले. आरआरडीटूलची वही ठरावीक पानांची असते. शेवटचे पान भरले की पुन्हा पहिल्यापासून लिहायचे, आणि जुन्या नोंदींचा फक्त सारांश, सहसा सरासरीच्या रूपात, ठेवायचा. जागा वाचते, पण सरासरीत गर्दीचा क्षण पुसला जातो. पुढची तरतूद करायची तर नेमका तोच क्षण हवा असतो.

गर्दीचा अंदाज चुकला की काय होते, हे आपण मुंबईत पाहिले आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मागणी अंदाजापेक्षा मोठी निघाली आणि ग्राहकांना जोडणी मिळेना. निगमाचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. प्रश्न कोपनहेगनचाच होता : एका वेळी किती जण येतील आणि त्यांच्यासाठी किती वाटा लागतील?

आता कागलच्या आपल्या कारखान्याचा हिशेब करू. 200 उपकरणे, प्रत्येकाकडून 30 आकडे, दर पाच मिनिटांनी. म्हणजे 300 सेकंदांत 6,000, सेकंदाला 20, दिवसाला 17,28,000 नोंदी. फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभर ठिकाणी पोहोचते. एका नोंदीसाठी अशा चार खेपा धरल्या तर 80 झाल्या. काटा 80 टक्के भरला! उपकरणे दुप्पट झाली तर सेकंदाला 160 खेपा हव्यात. त्या डिस्कला जमणारच नाहीत.

खरी कसोटी मात्र बिघाडाच्या दिवशी लागते. उत्तर देणारे उपकरण क्षणात मोकळे करते, गप्प बसलेले मात्र वेळ खाते. पहारेकरी पाच सेकंद थांबतो आणि तीनदा विचारतो असे समजा. एक मुख्य तार तुटली आणि 60 उपकरणे गप्प झाली. एकामागून एक विचारत गेल्यास 900 सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटे केवळ वाट पाहण्यात जातील. फेरी तर पाच मिनिटांची! ज्या घडीला त्याची गरज सर्वांत जास्त, त्याच घडीला तो मागे पडतो. म्हणून अनेकांना एकाच वेळी विचारण्याची सोय आणि मुद्दाम रिकामी ठेवलेली ताकद, या दोन्ही आधीच योजाव्या लागतात.

म्हणजे उपकरणे किती, एवढ्याने भागत नाही. दर सेकंदाला किती कामे येतात, एका कामाला किती वेळ लागतो आणि वाईट दिवशी या दोन्हींचे काय होते, हेही विचारायला हवे.

हे गणित शाळेतही करून पाहता येईल. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी दोन मुलांना घड्याळ देऊन बसवा. दर मिनिटाला किती मुले आली, प्रत्येकाला किती सेकंद लागले, रांग किती झाली, एवढे लिहू द्या. दुसऱ्या दिवशी एक नळ बंद ठेवून पुन्हा मोजा. रांग दुप्पट होईल की त्याहून जास्त, याचा अंदाज मात्र मुलांकडून आधीच लिहून घ्या.