ग्वियन ग्वियन चित्रांतील रंग आणि पेहराव

ग्वियन ग्वियन : ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाकडील किंबर्ली प्रदेशात वालुकाश्माच्या कपारींत आढळणारी मानवाकृतींची प्राचीन शैलचित्रे. गुरांसाठी कुरणे शोधत निघालेल्या जोसेफ ब्रॅडशॉने ती १८९१ मध्ये पाहिली, म्हणून पूर्वी त्यांना ‘ब्रॅडशॉ चित्रे’ म्हणत. त्याला ती पाहून इजिप्तच्या मंदिरांतील भिंती आठवल्या. ही चित्रे कुणा परक्या लोकांची असावीत, असा तर्क पुढेही काहींनी लढवला. तिथल्या मूलनिवासींना तो मान्य नाही, आणि त्याला भक्कम पुरावाही नाही.

या आकृतींचे वर्गीकरण मुख्यतः पेहरावावरून करतात. एका गटातील आकृतींच्या डोक्यावर लांबलचक शिरोभूषण, दंडांत पट्टे आणि कंबरेला व कोपरांना लोंबणारे गोंडे दिसतात. बारीक, एकसलग रेषेत काढलेले हे गोंडे सुटे मोजता येतील इतके स्पष्ट असतात. दुसऱ्या गटात गोंड्यांची जागा कंबरेच्या तीन टोकांच्या पट्टीने घेतली आहे. हा रोजचा वेश नसून नृत्याचा किंवा विधीचा साज असावा, असे सामान्यतः मानतात. नुसत्या वेशावरून कोणाचे पद वा कूळ सांगणे मात्र धाडसाचे ठरेल.

रंगाबाबत तर अधिकच जपून बोलावे लागते. आज बहुतेक चित्रे गडद तांबडी किंवा जांभळट दिसतात, पण मूळ चित्रे एकरंगी होती असे नव्हे. लोहयुक्त तांबडा रंग खडकात मुरून टिकला. पांढरा आणि पिवळा उडून गेला. त्यामुळे काही आकृतींचे हात-पाय नाहीसे झाले आहेत, तर काहींची कंबर मधेच तुटलेली दिसते. तिथे कोणे एके काळी फिक्या रंगाचे वस्त्र किंवा अलंकार असू शकेल. काही चित्रांत मूळ रंगाच्या जागी आता सूक्ष्मजीवांचा थर वाढतो आहे, असेही २०१० मध्ये मांडले गेले. तिथल्याच नगारिन्यिन या मूलनिवासी लोकांच्या कथेत या तांबड्याचे कारण वेगळे आहे : ग्वियन नावाच्या पक्ष्याने चोच रक्ताळेपर्यंत खडकावर आपटली आणि त्या रक्ताने ही चित्रे काढली.

चित्रांखाली व चित्रांवर कुंभारीण माशांनी बांधलेल्या मातीच्या घरट्यांचे कार्बनमापन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार तपासलेली बरीचशी चित्रे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीची ठरतात.