युरोपला जाताना विमानतळाचा इतिहासही बघा

८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे. तेव्हा प्रवाशाला निवडच नव्हती, विमान उतरेल तिथं उतरायचं. आज निवड आहे, पण आपण ती करतो फक्त तिकिटाचा दर बघून. मग लेकीकडे पहिल्यांदाच निघालेले सत्तरीतले आईवडील एखाद्या अवाढव्य विमानतळावर हातात कागद धरून भांबावून उभे राहतात.

मंडळी, याचा दोष आपण त्यांच्या इंग्रजीला देतो. खरं तर हा गोंधळ बऱ्याचदा त्या विमानतळाच्या कुंडलीतच असतो.

लंडनचं हीथ्रो घ्या. १९४६ मध्ये ते नागरी वाहतुकीला खुलं झालं तेव्हा प्रवासी तंबूत बसायचे. पुढे दोन धावपट्ट्यांच्या मधोमध इमारती उभ्या राहिल्या. ती जागा अपुरी पडली तेव्हा चौथं टर्मिनल १९८६ मध्ये दक्षिणेकडच्या धावपट्टीपलीकडे गेलं, पाचवं २००८ मध्ये पश्चिम टोकाला. जुन्या वाड्याला दर पिढीनं खोल्या जोडाव्यात, तसं. म्हणून तिथं टर्मिनल बदलायचं तर अनेकदा बस नाहीतर रेल्वे धरावी लागते.

पॅरिसचं शार्ल द गॉल १९७४ चं. पहिलं टर्मिनल गोलाकार, वास्तुरचनेसाठी गाजलेलं. दुसरं मात्र वाढत वाढत २ए पासून २जी पर्यंत पसरलं. नुसतं '२' वाचून चालू लागलेला माणूस तिथं चुकणारच.

आम्सटरडॅमच्या स्खिपोलनं उलट विचार केला. १९६७ च्या नव्या इमारतीत सगळं एका छपराखाली आणलं. बेनो विसिंग या आरेखनकारानं तिथल्या पाट्या इतक्या विचारपूर्वक आखल्या की त्या पिवळ्या पाट्या जगभर नावाजल्या गेल्या. म्युनिकनं जुना रीम विमानतळ बंद करून एका रात्रीत सगळा पसारा शहराबाहेर हलवला आणि १७ मे १९९२ ला नवा विमानतळ सुरू केला. कोऱ्या जागेवर आखणी केली की माणसाची पायपीट आधीच मोजता येते.

अर्थात नुसती इमारत पुरत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात माणसं कमी पडली आणि त्याच स्खिपोलच्या रांगा इमारतीबाहेर गेल्या.

आता शेंगेनची गोष्ट. १९८५ मध्ये पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या या गावी करार केला आणि २६ मार्च १९९५ पासून सीमेवरची तपासणी उठू लागली. याचा आपल्यासाठी अर्थ काय? शेंगेन देशांत तुम्ही जिथं पहिल्यांदा उतरता, पासपोर्ट तपासणी तिथंच होते. मुंबईहून म्युनिकमार्गे प्रागला गेलात तर ती रांग म्युनिकमध्ये. तीच फेरी दुबईमार्गे केली तर रांग प्रागमध्ये, पुढचं विमान सुटायची धास्ती नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, त्यामुळे वेळ जास्तच ठेवा. दोन विमानांमध्ये तीन तास असले तर बरं. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हतं, म्हणून लंडनमार्गे जायचं तर व्हिसाचे नियम तिकिटाआधी बघा.

आणखी एक. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार वयामुळे चालायला त्रास होणाऱ्या प्रवाशालाही विमानतळावर मोफत मदत मिळते. ४८ तास आधी विमान कंपनीला कळवायचं. हा हक्क आहे, उपकार नव्हे. आईवडिलांना मागायला संकोच वाटत असेल तर तिकीट काढतानाच तुम्ही मागून ठेवा.

हे सगळं आपल्यालाही लागू आहे. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, अजून त्याचे टप्पे बांधायचे आहेत. पाट्या कुठे, बाकडी किती, एका टर्मिनलमधून दुसऱ्यात म्हातारं माणूस कसं जाणार, हे विचारायची वेळ आत्ता आहे. एकदा काँक्रीट पडलं की पुढची पन्नास वर्षं ते प्रवाशाच्या पायांनाच भोगावं लागतं.