तोल शिकवणारा खांब

लोणारच्या सरोवराकडे उतरताना तुमचे गुडघे आपोआप वाकतात आणि नजर चार पावलं पुढं राहते. तोल सांभाळायची सारी विद्या एवढ्यात आली. परदेशी जिम्नॅस्टिक्समध्ये मुली ५ मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि अवघ्या १० सेंटिमीटर रुंद तुळईवर उड्या घेतात. आपल्याकडे हीच विद्या उभ्या खांबावर वाढली. तो मल्लखांब.

बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढं ही विद्या मागं पडली. तिला नवा जीव दिला तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले. मल्लखांब मात्र राहिला, कारण गुरूनं शिष्याला तो हाती धरून शिकवला होता.

आपल्या वऱ्हाडात अंबादासपंत वैद्य आणि त्यांच्या बंधूंनी १९१४ साली अमरावतीस हनुमान आखाडा काढला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळ दाखवले.

आता शिकवण्याची रीत पाहा. खांब वर निमुळता होत जातो आणि त्याला एरंडेल चोळलेलं असतं. पोरगं आधी खाली अढी घालायला शिकतं. पकड पक्की झाली की वर चढतं. टोकाच्या बोंडावर अंग तोलून धरायचं, त्याला ताजवा म्हणतात. ताजवा म्हणजे तराजू! शरीराचा भार नेमका आधारावर आला की पारडी सारखी होतात. तुळईवरच्या मुलीही आधी जमिनीवरच्या रेघेवर, मग बुटक्या तुळईवर आणि शेवटी पुऱ्या उंचीवर जातात.

म्हणजे तोल उपजत नसतो, पायरीपायरीनं येतो. घाईनं वर चढवलेलं पोर पडतं, आणि हाडापेक्षा त्याचा धीर आधी मोडतो. एकदा धीर मोडला की ते पुन्हा खांबाजवळ येत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेत खांब कुठला? गुरुजी, पटांगणात चुन्याची वीतभराहून अरुंद रेघ ओढा. नजर पायाकडे नको, रेघेच्या टोकाकडे. आधी चालणं, मग वळणं, मग एका पायावर उभं राहणं. आणि मुलींना बाजूला बसवू नका. एके काळी तालमीचं दार त्यांना बंद होतं; आज त्या दोरीच्या आणि पुरलेल्या मल्लखांबावर स्पर्धा जिंकतात. सुरुवात त्याच रेघेवरून करायची आहे.