हरवलेला ‘ळ’ आणि मूळ गाव

मूळ गाव शोधायला निघालेला इंदूरचा मराठी माणूस बहुधा शाळेचा दाखला हाती घेतो आणि तिथेच वाट चुकतो. दाखल्यावरचे आडनाव इंग्रजी स्पेलिंगातून आणि हिंदी लेखणीतून गाळून आलेले असते. कण्हेरखेडचे शिंदे उत्तरेत ‘सिंधिया’ झाले. धार-देवासचे पवार इंग्रजी दप्तरात ‘पुआर’. ही घराणी राजांची, त्यांचे मूळ हरवले नाही. त्यांच्यामागून आलेल्या शिलेदार-कारकुनांचे मात्र हरवले.

सियागंजातून रिक्षा करा आणि ‘पलसीकर कॉलनी’ म्हणा, बिनचूक पोहोचाल. होळकरांचे दिवाण पळशीकर यांचे आडनाव तेच. पण ‘पलसी’ या नावाने महाराष्ट्राचा नकाशा धुंडाळलात तर हाती काही लागणार नाही. गाव आहे पळशी, पारनेर तालुक्यातले. पळशीकरांचा वाडा व विठ्ठलमंदिर तिथे आजही उभे आहे. खुद्द होळकरांचे नावही नीरेकाठच्या होळ गावावरून आले, आणि हिंदीत ते ‘होलकर’ लिहितात. गंमत अशी, की माळवीत ‘ळ’ खणखणीत उच्चारला जातो. गेला तो कागदावरून.

तेव्हा शोध उलट दिशेने करावा. आडनावातल्या प्रत्येक ‘ल’च्या जागी ‘ळ’ आणि ‘स’च्या जागी ‘श’ घालून पाहा. एवढ्यावर थांबू नका, कारण पळशी नावाची गावे सातारा-सांगलीकडेही आहेत. त्यांतले आपले कोणते, ते कुलदैवत सांगेल. घरात मोडी कागद असतील तर ते आधी वाचून घ्या. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर कोणी केली नाही, पण ‘ळ’ला तिथे स्वतंत्र अक्षर आहे. आणखी एक: ‘कर’ लागलेले आडनाव पुष्कळदा गाव सोडल्यानंतरचे असते. त्याखाली जुने उपनाव दडलेले असू शकते, म्हणून आजीला गोत्र आणि लग्नसंबंधातली घराणी विचारून ठेवा. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

मग नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर गाठा. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावे, गावे, पिढ्या नोंदलेल्या असतात. तिथे आधार कार्डावरचे आडनाव सांगू नका. पणजोबा सांगत तसे सांगा, गावासकट. पान सापडले आणि खाली त्यांची मोडी सही असली, तर गुरुजींकडून ती अक्षर-अक्षर लावून घ्या.