पवनचक्कीचा आवाज आणि सरासरीची फसगत

२०२५ मध्ये भारताची पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॉटच्या पुढे गेली. या आनंदात एक जुना प्रश्न मागे पडतो : पवनचक्कीचा आवाज किती, हे आपण मोजतो, तो कसा आहे, हे कोण पाहते?

प्रश्नाची सुरुवात अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील बून गावी झाली. १९७९ साली तेथील डोंगरमाथ्यावर नासाच्या देखरेखीखाली 'मॉड-१' ही २ मेगावॉटची पवनचक्की उभी राहिली. लवकरच काही घरांतून तक्रारी आल्या : धप्‌धप्‌ असा आवाज येतो, खिडक्या थरथरतात. तीन किलोमीटरांच्या परिघात हजाराहून अधिक कुटुंबे होती. तक्रार जेमतेम डझनभरांची. अशा वेळी तक्रारदारांनाच हळवे ठरवण्याचा मोह होतो. सोलर एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नील केली यांनी तो टाळला आणि त्यांच्या गटाने मोजमापे घेतली.

दोष यंत्राच्या रचनेत निघाला. मॉड-१ ची दोन पाती मनोऱ्याच्या मागच्या बाजूस फिरत. मनोऱ्याआड वारा मंदावतो. त्या पट्ट्यातून जाताना पात्यावरील उत्थापक बल क्षणभर कोसळे व पुन्हा उसळे. मिनिटाला ३५ फेऱ्या, म्हणजे ७० ठोके. इतक्या खालच्या वारंवारतेचा ध्वनी भिंती फारसा अडवत नाहीत, उलट खोलीच अनुनादित होते. म्हणून त्रास अंगणापेक्षा घरात अधिक जाणवे. डोंगरउतार आणि हवेचे थर तो ध्वनी नेमक्या काही घरांकडे वळवीत होते. डझनभर कुटुंबांचे कोडे असे सुटले. फेऱ्या २३ वर आणल्या गेल्या. १९८३ मध्ये यंत्रच उतरवले गेले.

पुढे पाती मनोऱ्यासमोर आली आणि प्रश्न मिटला असे वाटले. मात्र जर्मनी-नेदरलँड्स सीमेवरील ऱ्हेडे येथील १७ पवनचक्क्यांविषयी १९०० मीटरांवरचे रहिवासीही कुरकुरत होते. ग्रोनिंगनचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स फान डेन बर्ग यांनी तेथे रात्री मोजणी केली. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा थंड व स्थिर होते, पण ९८ मीटर उंचीवर वारा जोरातच असतो. खाली झाडाचे पानही हलत नाही, वर पाती वेगाने फिरतात. जमिनीवरील वाऱ्याचा वेग सारखाच असताना दिवसाच्या तुलनेत रात्रीची पातळी १५ डेसिबलपर्यंत अधिक भरली. हा शोधनिबंध २००४ चा. त्याच वर्षी स्वीडनमधील पेडरसन व पर्शन वाये यांनी ३५१ रहिवाशांच्या उत्तरांवरून दाखवले की, रस्ते वा विमानांच्या तुलनेत पवनचक्कीचा आवाज कमी डेसिबललाच त्रासदायक ठरतो. सेकंदागणिक चढउतार करणारा ध्वनी मेंदूला पार्श्वभूमीत ढकलता येत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण. (डोळे आणि खिसा यांचाही वाटा आहेच : नंतरच्या डच पाहणीत, पवनचक्कीपासून उत्पन्न मिळणाऱ्यांना अधिक आवाज सोसूनही त्रास जवळजवळ वाटत नव्हता. शेजाऱ्याचा त्रास म्हणून काल्पनिक ठरत नाही.)

आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती काळानुसार काढलेली सरासरी, शिवाय खालच्या वारंवारतांना कमी लेखणाऱ्या 'ए' मापपट्टीवरची. ठोके या सरासरीत विरून जातात. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घर व पवनचक्की यांतील अंतर ५०० मीटर धरले आहे. कच्छमध्ये वा मुप्पंडलला ते पुरते का, हे ठरवायचे तर मोजणी थंडीतल्या निवांत रात्री, घराच्या आत, सेकंदासेकंदाची नोंद ठेवून करावी लागेल.